सुईची शपथ

माझ्या हाताला गुण आहे असं आमच्या तालुक्यात म्हणतात. निम्मं मीच पसरवलंय, खोटं कशाला बोलू. पण एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली आणि शीर सापडत नाही म्हणून कधी दुसरीला हाक मारली नाही, हे मात्र खरं. तान्ही पोरं, सुकून काडी झालेल्या म्हाताऱ्या, अंगभर सूज आलेली माणसं, सगळ्यांना एका टोच्यात. माझी जीभही तशीच आहे असं आमचे हे म्हणतात. तिलाही दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही.

तर एके दिवशी सकाळी वॉर्डात एक पेशंट आला. तिशीच्या आतला, हाडांवर कातडं ताणलेलं, शर्टाच्या उघड्या गुंड्यांतून छातीवरची उभी पांढरी पट्टी दिसत होती. सोबत आई आणि काका. म्हसळ्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत यांचं गाव, घरची भातशेती. हा मात्र सतराव्या वर्षीच मुंबईकडे गेलेला, कंटेनरच्या गाड्यांवर. मी कागद वाचले आणि कपाळाला आठी पडली. गर्द. आधी ओढायचा, मग सुईनं घ्यायला लागला. त्या घाण सुयांतून रक्तात जंतू गेले आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले. झडप कुरतडली त्यांनी. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात छाती उघडून नवी झडप बसवावी लागली.

झडप बसवली म्हणजे झालं, असं नसतं. रक्तात दडलेले जंतू मारायला सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं, सकाळ-संध्याकाळ, खाडा न करता. दोन आठवडे तिथे झाले होते. तिथे खाटेला रांग, म्हणून उरलेले चार आमच्याकडे करा असं पत्रात लिहिलं होतं. निघताना त्याच्या मानेतली नळी मात्र त्यांनी काढून घेतली होती. नशेच्या माणसाला शिरेत उघडी नळी ठेवून कुणी दाराबाहेर सोडत नाही. वाटेत उतरला आणि त्याच नळीतून नको ते घेतलं तर? म्हणजे मला पहिल्यापासून सुरुवात.

मी ट्रे घेऊन खाटेशी गेले. "दे बाबा हात."

त्यानं हात पाठीमागे घेतला. "न्हाय सिस्टर. सुई नको."

"अरे वा रे वा! इतकी वर्षं स्वतःच्या हातानं टोचत होतास, तेव्हा नाही दुखलं? आता माझ्या सुईची भीती वाटते होय?"

सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. त्याची आई पुढे आली, पदर सावरत म्हणाली, "बाई, भीती न्हाय त्याला. शपथ हाय."

मग हळूहळू कळलं ते असं. मुंबईहून निघालेली गाडी घरी गेलीच नव्हती, थेट गावदेवीच्या देवळासमोर उभी राहिली. गाव जमलेला होता. गुरवानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवीशी बोलला, आणि या पोरानं देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, "या अंगात पुन्हा सुई जाणार न्हाय." सगळा गाव "व्हय" म्हणाला. आया-बायांनी डोळे पुसले. आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन चार आठवडे सुया टोचून घ्यायच्यात, हे एकालाही आठवलं नाही. आईला नाही, काकाला नाही, मुंबईहून सोबत आलेल्या, फाईल काखेत मारून उभ्या असलेल्या गावच्या दोन शहाण्यांनाही नाही.

"अहो मावशी, मग सरळ गर्द सोडला असं म्हणायला काय झालं होतं?"

ती बिचारी दचकली. "त्या मेल्याचं नाव देवीसमोर कसं घ्यायचं, बाई?"

मी कपाळाला हात लावला आणि डॉक्टर मॅडमना बोलावून आणलं.

आमच्या मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण डोकं शांत. खाटेवर बसल्या आणि तिघांना नीट समजावून सांगितलं. औषध थांबलं तर राहिलेले जंतू नव्या झडपेवर चढतील. आठ-पंधरा दिवसांत ताप येईल. आणि दुसऱ्यांदा छाती उघडायला कुणी तयार होईलच असं नाही. "मग?" आईनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मग हा वाचणार नाही, मावशी." लपवलं नाही त्यांनी. आई भिंतीला टेकली, पण "टोचा" असं तिच्या तोंडून निघेना. बोल मोडला तर देवी पोराला उचलेल अशी तिची भीती, आणि नाही मोडला तर जंतू उचलतील अशी मॅडमची.

मी मात्र त्याच्यावर भडकले होते. आई अडाणी, मान्य. तू तर मुंबई बघितलेला माणूस. ती दोघं बाहेर गेली तशी मी त्याला धरलं. "तू खरंच मानतोस हे? देवी खाईल तुला?"

तो छताकडे बघत म्हणाला, "देवीचं मला काय ठाऊक न्हाय, सिस्टर. पण मी आयुष्यात दिलेला एकेक शब्द मोडलाय. आयेला दिलेला, मालकाला दिलेला, बायको होती तिला दिलेला. हा एकच न मोडलेला उरलाय. कालचा तर हाय. पयल्याच दिवशी मोडला तर दुसरी सुई घ्यायला मला किती वेळ लागंल?"

नशेच्या पेशंटचं बोलणं ऐकून ऐकून माझे कान किटले होते. रडतात, पाया पडतात आणि संध्याकाळी खिडकीतून पळतात. पण हे रडणं नव्हतं. हा माणूस हिशोबानं बोलत होता, आणि त्याचं म्हणणं मला खोडता येईना.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही या भागातल्या. तुम्हीच काहीतरी करा."

दुपारी त्याच्या आई आणि काकाबरोबर सहा आसनी रिक्षातून मी त्यांच्या गावी गेले. सकाळचं औषध चुकलंच होतं. देऊळ साधं, कौलारू, आत शेंदूर फासलेली पाषाणाची देवी. गुरव म्हातारा, शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण तोडायची न्हाय, सोडवून घ्यायची. कौल लावू." गाव पुन्हा जमला. त्यानं दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. "आये, लेकरानं बोल दिला तो खरा, पर आता औषिदाची सुई लागते हाय, तेवढी मोकळीक दे." गाव म्हणाला, "व्हय."

कळ्या काही पडेनात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एक म्हातारी जपमाळ ओढत होती, काका हात जोडून दगडासारखा उभा. मी घड्याळ बघत होते. सहाच्या आत औषध गेलं पाहिजे होतं, आणि मी इथे कळ्यांकडे बघत बसले होते. सांगते ना, जीव नुसता तळमळत होता माझा.

अर्ध्या तासानं गुरव म्हणाला, "सुई कुणाच्या हातची, ते देवीला कळाया पायजे. कुणीतरी ती अंगावर घेतली पायजे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि माझं डोकं फिरलं.

"घेते मी अंगावर!" मी चपला न काढता पायरीवरूनच ओरडले. "माझ्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाची सुई त्याला लागणार नाही, औषधाशिवाय दुसरं काही त्यातून जाणार नाही. झालं समाधान? आता पाडा ती कळी आणि मला जाऊ द्या!"

उजवीकडची कळी पडली.

वाऱ्यानं पडली असेल. मी ओरडते तेव्हा थोडाफार वारा सुटतोच. पण देवळात एकदम सगळ्यांनी श्वास सोडला, आईनं माझे पाय धरले, आणि काका हळूच म्हणाला, "बोललात बाई. आता तुमच्यावर हाय."

परतताना रिक्षात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार आठवडे. म्हणजे सुट्टी नाही, रजा नाही. आणि पुढच्या रविवारी मुंबईत माझ्या पहिल्या नातवाचं बारसं होतं.

संध्याकाळी पावणेसहाला मी त्याच्यासमोर ट्रे ठेवला. काय झालं ते सांगितलं. त्यानं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उजवा हात पुढे केला. डाव्या हाताच्या शिरा तर जळून दोरखंड झाल्या होत्या. उजव्या दंडाला काळ्या कापडाचा तीन बोटं रुंद ताईत बांधलेला होता, आत देवीचा अंगारा शिवलेला. "पट्टा त्याच्या खाली बांधा," तो म्हणाला, "त्याला हात लावू नका."

आई कौतुकानं सांगायला लागली. "दर सालाला जत्रंत नवा बांधते मी. मुंबईत ऑपरेशनला काढायला लावला, तर शुद्धीवर आल्या आल्या पयला तोच मागितला यानं. मी माझ्या हातानं परत बांधला. मनानं लई देवभोळा हाय हो, संगत वाईट मिळाली."

मी शीर फुगवायचा रबरी पट्टा ताईताच्या खाली बांधला. मनगटाजवळ एक शीर लागली. एका टोच्यात.

पुढचे दिवस एका चालीनं गेले. सकाळी जिभेखाली ठेवायची गोळी, मुंबईच्या व्यसनमुक्तीवाल्यांनी दिलेली. तिनं तलफ ताब्यात राहते. ती विरघळेपर्यंत मी समोर बसून राहायची. आमचा वॉर्डबॉय म्हणायचा, "नशा सोडवायला पुन्हा गोळीच ना?" मी त्याला सांगितलं, तुझ्या ब्लडप्रेशरची गोळी उद्यापासून बंद करू का? मग तो बोलायचा थांबला. गोळीनंतर औषध, अर्धा तास. संध्याकाळी पुन्हा औषध. त्याच्या शिरा इतक्या खराब होत्या की जी नळी इतरांना तीन दिवस पुरते ती त्याला एक दिवस, फार तर दीड दिवस पुरायची. मग हात सुजायचा आणि मी नवी जागा शोधायची. मनगट, अंगठ्याचं मूळ, बोटांच्या मागची बाजू.

टोचताना नळीत रक्ताचा थेंब चढतो ना, तो दिसला की त्याचा श्वास बदलायचा. घामानं कपाळ भिजायचं. पहिल्यांदा मी घाबरले, झडपेचं काही झालं का म्हणून. तोच म्हणाला, "झडप न्हाय. थेंब बघितला की सगळं आठवतं." तेव्हापासून मी त्याला दटावायची, "खिडकीकडे बघ. तुमच्या शेतात काय काय लावता ते सांग." तो खिडकीबाहेरच्या पोफळींकडे तोंड करून सांगायचा. भात, मग वाल, बांधावर तूर, परसात अळू. माझं टोचून व्हायचं तोवर तो तुरीपर्यंत पोचलेला असायचा.

बारसं झालं. मी गेले नाही. फोनच्या पडद्यावर बाळाला पाळण्यात घालताना बघितलं, आणि त्या पोराचं नाव कुणीतरी कानात सांगितलं ते मला ऐकूही आलं नाही, एवढा गलका होता. लेक नंतर म्हणाला, "आई, एका गर्दुल्ल्यासाठी?" मला राग आला, पण खरं सांगते, त्याचा नाही आला. खाटेवर बसून मटामटा भात जेवणाऱ्या त्या माणसाचा आला. त्या संध्याकाळी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यानं विचारलं, "सिस्टर, माझ्यावर रागावलात?" मी म्हटलं, "गप बस आणि तुरीपर्यंत मोज."

आणि संशय? होता ना. रोज होता. मी नळीवर चिकटपट्टी लावून तिच्या जोडावर पेनानं सही करायची, कुणी उघडली तर मला कळावं म्हणून. त्याला ते दिसत होतं. एकदा म्हणाला, "सही झकास हाय तुमची." मला लाज वाटली, तरी सही केलीच. गाठ त्याच्याशीच नव्हती, त्याच्या आत बसलेल्या दुसऱ्याशी होती, आणि तो दुसरा केव्हा जागा होईल याचा नेम नव्हता.

बाविसाव्या दिवशी सकाळी हात सुजला. नळी काढली आणि मी नवी जागा शोधायला बसले. मनगटावर टोचलं, शीर फुटली. बोटामागे टोचलं, नाही लागली. डाव्या हातावर, पायावर, पुन्हा उजव्यावर. पाच टोचे झाले. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मॅडमना जाऊन सांगितलं, "मला जमत नाही."

मॅडमनी मुंबईला फोन लावला. अजून सहा दिवस औषध लागणारच, गोळ्यांवर भागणार नाही. तिथून सांगितलं, घेऊन या, मानेत नळी घालू, खाट बघू. अ‍ॅम्ब्युलन्स अकराला निघेल असं ठरलं.

मी त्याला सांगायला गेले. तो खाटेवर ताठ बसला.

"म्हणजे दुसऱ्याच्या हातची सुई."

"हो रे बाबा. देवी समजून घेईल."

"देवी घेईल," तो म्हणाला. "सिस्टर, त्या दवाखान्याच्या फाटकापासनं माझा अड्डा हाकेवर हाय. तिथली पोरं मला नावानं ओळखतात. मी एक डाव तिथनं जिता परत आलो. पुन्हा येईन याची ग्यारंटी मला न्हाय, मग तुम्हाला कुठनं देऊ?"

आई कपडे पिशवीत भरत होती, तोंडानं देवीचं नाव चालू. तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आये, निघायच्या आधी चहा घेऊन ये."

आई थर्मास घेऊन कॅन्टीनकडे गेली. तो डाव्या हातानं आणि दातांनी दंडावरच्या ताईताची गाठ सोडायला लागला. मी म्हटलं, "अरे, काय करतोस?" गाठ सुटली, काळं कापड खाली पडलं.

खालची कातडी लहान मुलासारखी गोरी, एक डाग नाही. आणि दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या वरपासून सरळ गेलेली, निळी, मऊ, भरलेली शीर.

"ही कुणाला ठाऊक न्हाय," तो म्हणाला. "बाकीच्या सगळ्या जाळल्या, ही राखून ठेवली. म्हटलं, लई वाईट दिवस आला तर एक जागा असावी."

"शपथ घेतलीस तेव्हासुद्धा होती?"

"होती. देवीच्या पायरीवर हाच हात ठेवला होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस दिवस मी त्याची बोटं, मनगटं चाळणी करत होते, बारसं बुडवून, आणि हा ते बघत बसला होता. "मेल्या," मी म्हटलं, "मेल्या, तू..."

त्यानं विचारलं, "तुमचं औषध यातनं सहा दिवस गेलं, तर ही पण जळंल ना?"

"जळेल. हे औषध जाळतंच."

"पुन्हा कामाची राहणार न्हाय?"

"नाही राहायची."

त्यानं हात माझ्या मांडीवर ठेवला. "मग टोचा."

मी पट्टा वर, खांद्याजवळ बांधला. लांब सुई घेतली. या वेळी त्याला खिडकीकडे बघ म्हणून सांगायचं मी विसरले, आणि तो बघतही नव्हता. तो सुईकडेच बघत होता. एका टोच्यात लागली. नळीत थेंब चढला. त्याचा श्वास अडला, कपाळावर घाम आला, पण त्यानं नजर काढली नाही. मी चिकटपट्टी लावली. सही केली नाही.

आई चहा घेऊन आली तर ताईत खाटेवर पडलेला. "सोडला का रे? कुणी सोडला?"

"मीच," तो म्हणाला. मग दंड तिच्याकडे वळवला. "आये, बघ. दर सालाला तू याच्यावर बांधत होतीस. मी तुझ्याकडनंच झाकून घेत होतो."

ती बघत राहिली. आधी नळीकडे, मग त्या कोऱ्या कातडीकडे, मग त्याच्या दुसऱ्या जळक्या हाताकडे. तिला कळायला वेळ लागला, पण कळलं. ओरडली नाही, त्याला मारलंही नाही. ताईत उचलून पदराच्या टोकाला बांधला आणि आम्हा दोघांना चहा ओतून दिला. मी जाऊन अ‍ॅम्ब्युलन्स रद्द करा म्हणून सांगितलं.

ती शीर सहा दिवस पुरली. दोनदा नळी बदलावी लागली, त्याच शिरेवर थोडं थोडं वर सरकत. दुसऱ्या दिवसापासून ती लाल व्हायला लागली, चौथ्या दिवशी कडक. दुखत होतं त्याला, पण तो रोज बोट फिरवून बघायचा.

शेवटचं औषध संपलं त्या संध्याकाळी मी नळी काढली, कापूस दाबून धरला. मग त्यानं माझं बोट धरून दंडावर फिरवलं. कातडीखाली सुतळीसारखी गाठाळलेली, घट्ट, मेलेली शीर. "गेली ना?" त्यानं विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

शीर जळली की मला वाईट वाटतं, आपलं काम कुठेतरी चुकलं असं वाटतं. शीर जळल्याचा आनंद एकतीस वर्षांत झाला तो त्या एकाच दिवशी.